घाटावर बोलणारा उमेदवार

गुणवंताने खांद्यावरचा दुपट्टा काढला, त्याची घडी करून शेजारच्या माणसाच्या हातात दिली आणि शेडच्या मध्यभागी जाऊन उभा राहिला. ज्यांनी गाडीला चावी लावली होती त्यांनी ती काढून पुन्हा खिशात घातली. दोघे-तिघे घाटावरच्या मोक्षधामाच्या फाटकापर्यंत पोचले होते, तेही परत फिरले. मागे चितेने चांगला पेट घेतला होता. जाम नदीकडून येणारा वारा सगळा धूर माणसांच्या तोंडावर आणत होता, पण कुणी जागचं हललं नाही.

“रामाजी वरडायचे,” गुणवंता म्हणाला.

लोक एकमेकांकडे पाहू लागले. रामाजी चक्कीवाल्यांची दोन्ही मुलं मान खाली घालून उभी होती, त्यांनी ती वर केली.

“हाव, वरडायचे. मी खोटं कायले बोलू? चक्कीवर गेलं का पयले शिवी भेटे, मंग पीठ. पण मले सांगा, जो माणूस जिंदगीभर चक्कीच्या पट्ट्यापाशी उभा राह्यला, त्याले हळू बोलता येईन कसं? त्याले वाटे, सारी दुनियाच बहिरी आहे. रामाजी तुमच्यावर नाई वरडत होते, पोरांनो. ते चक्कीवर वरडत होते. चक्की बंद करून घरी येत, पण तो आवाज काई त्याइले बंद करता आला नाई.”

आधी कुणीतरी हसलं. मग मोठा मुलगा, जो सकाळपासून दगडासारखा कोरडा होता, एकदम खाली बसला आणि लहान मुलासारखा रडू लागला. धाकट्याने त्याला धरलं आणि तोही रडला. शेडमधल्या निम्म्या माणसांनी रुमाल काढले.

सुचिता खांबाला टेकून उभी होती. तिच्याही डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच क्षणी तिला स्वतःचा भयंकर राग आला. कारण रविवारी भोपाळहून पर्यवेक्षक येणार होते, आणि नगरपालिकेच्या अध्यक्षपदासाठी पार्टीचं तिकीट मागणारी नावं दोनच होती. एक तिचं, दुसरं या माणसाचं.

तिकीट ठरवायच्या या पद्धतीला रायशुमारी म्हणतात. पर्यवेक्षक एका खोलीत बसतात, कार्यकर्त्यांना एकेक करून आत बोलावतात आणि विचारतात, तुमच्या मनात कोण? ज्याचं नाव जास्त निघेल त्याला तिकीट. निदान सांगतात तरी तसं. आजवर ते कुणी खरं होताना पाहिलेलं नव्हतं, पण या खेपेला अध्यक्ष थेट लोकांनी निवडायचा होता, त्यामुळे लोकांना काय वाटतं याची वरच्यांनाही अचानक काळजी लागली होती.

सुचिता दोनदा पार्षद, म्हणजे नगरसेविका, झालेली. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा तिच्याकडे होता, आणि पांढुर्ण्यातल्या कोणत्या गल्लीखालून कोणता पाइप गेला आहे हे सांगायला तिला नकाशा लागत नसे. उन्हाळ्यात टँकर कमी पडले की ती स्वतः पहाटे व्हॉल्ववर जाऊन उभी राहायची. एवढं करून लोक तिच्याशी बोलताना जरा अंग चोरूनच बोलत, कारण ती खरं बोलायची आणि लगेच बोलायची.

गुणवंताचं बाजारात मॅचिंग सेंटर होतं. अस्तर, फॉल, ब्लाउजपीस. नगरपालिकेची पायरी तो जन्मात एकदाच चढला होता, मुलीच्या जन्माच्या दाखल्यासाठी, आणि तो दाखलाही सुचितानेच काढून दिला होता. पण कुणाच्या मयतीत बोलायला उभं राहावं तर त्यानेच. लाकडं रचली जात असताना तो घरच्यांजवळ बसून हळूहळू चार गोष्टी विचारून घ्यायचा, आणि मग असं बोलायचा की गेलेला माणूस घरच्यांना नव्याने कळायचा. गावात असं घर शोधून सापडलं नसतं जिथल्या कुणाबद्दल गुणवंता बोलला नव्हता. आता त्याच घरांना वाटत होतं की हा माणूस अध्यक्ष व्हावा. सुचिताला तरी तसं दिसत होतं.

गटबाजी दिसू नये म्हणून पार्टीने दोघांनाही बूथच्या लोकांकडे एकत्र फिरायला सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी ते विनोदच्या घरी गेले. विनोद किराण्याचा व्यापारी आणि त्या बूथचा प्रमुख. त्याच्या अंगणात नालीचं पाणी साचलं होतं. मधे विटा टाकलेल्या, त्यांवर पाय देत आत जायचं.

“पाहा ताई, तुमच्याच डोळ्यानं पाहा,” विनोद म्हणाला. “दोन वर्सं झाली बोंबलून राहिलो.”

सुचिताने वाकून नाली पाहिली, मग रस्त्याच्या टोकापर्यंत नजर नेली.

“याची लेव्हलच चुकली आहे, विनोदभाऊ. पुलियापासून उखडून नवी टाकावी लागते. टेंडर निघायला वेळ लागते, मग पावसाळा येते. दिवाळीच्या आधी काही होत नाही. आणि तुम्ही पायरी पुढं काढली आहे नं, तीही तोडावी लागन.”

यातला शब्द न् शब्द खरा होता. विनोदचं तोंड पडलं.

गुणवंता तोवर आत जाऊन भिंतीवरच्या फोटोसमोर उभा होता. विनोदच्या आईचा फोटो, त्याला चंदनाचा हार.

“विनोद,” तो म्हणाला, “काकू सकाळी उठल्या का पयले ही नाली झाडत, आठवते?”

“हाव,” विनोद म्हणाला.

“लोक म्हणत, अवं, नाली नगरपालिकेची आहे, तू कायले झाडतं? त काकू म्हणे, नाली त्याइची असन, घाण त माह्या घरची आहे नं.”

विनोद हसला. हसता हसता त्याने डोळ्याला हात लावला. मग त्याची बायको आतून आली, तिनेही सासूची एक आठवण सांगितली, आणि चहा झालेला असताना पुन्हा चहा आला. निघेपर्यंत नालीचा विषय कुणी काढला नाही. उलट विनोद दोघांना सोडायला त्याच विटांवरून रस्त्यापर्यंत आला आणि गुणवंताचा हात बराच वेळ हातात धरून उभा राहिला.

सुचिताने गल्लीच्या वळणापर्यंत दम धरला.

“भाऊ, खरं सांगा. त्या नालीचं तुम्ही काय करणार?”

“मी?” गुणवंता थांबलाच. “मले काय समजते त्याच्यातलं? तुमी सांगसान तसं करू.”

“मी सांगायचं?”

“मंग! तुमी राहसानच नं संगं. तुमच्याशिवाय मी काय करतो तिथं? काम तुमी पाहा, लोकाईशी बोलणं मी पाहतो.”

कुणी दुसरा हे बोलला असता तर सुचिताने त्याला तिथेच सरळ केलं असतं. पण गुणवंताच्या चेहऱ्यावर कावा औषधालाही नव्हता. सगळं तिच्यावर सोपवून तो अगदी निश्चिंत होता, आणि तिने नाही म्हटलं तर काय, हे त्याच्या डोक्यातही आलेलं नव्हतं.

“मग अध्यक्ष कायले व्हायचं तुम्हाला?” तिने विचारलं. “करायचं काहीच नाही, तर व्हायचं कायले?”

गुणवंता पुन्हा चालू लागला.

“ताई, मले कोणी घरात बोलावत नाई,” तो म्हणाला.

“काय सांगता! सारं गाव तुमच्यावर जीव टाकते.”

“घाटावर. घरात नाई.” तो हसला, पण ते काही त्याचं नेहमीचं हसू नव्हतं. “कोणी बिमार असलं नं, त मी त्या गल्लीतून गेलो तरी लोक दार लोटून घेते. माहा सख्खा मामा दवाखान्यातून घरी आला, मी संत्री घेऊन गेलो. मामी दारातच म्हणे, आत नको येऊ बाप्पा, तुले पाहून घाबरतीन ते. संत्री घेतली आन दार लावलं. मंग मामा गेला, तवा त्याच मामीनं चार माणसं पाठवली मले बोलवाले. मामाबद्दल मी लय चांगला बोललो, लोक अजून सांगते. पण मामाशी बोलाचं राहूनच गेलं.”

सुचिताने चाल मंद केली.

“अध्यक्षाले कोण थांबवते, सांगा? अध्यक्ष कोणाच्याबी घरी जाते. बिमार माणसाच्या त पयले जाते. आज विनोदच्या घरी कसा बसलो मी, दोनदा चहा पेलो.”

तिच्या रागाला धरायला जागाच उरली नाही. गेला मात्र नाही तो. नाल्या, पाइप, व्हॉल्व, पंधरा शिव्या खाऊन एक रस्ता, हे सगळं एका पारड्यात आणि एका माणसाला लोकांच्या घरात बसायचं आहे हे दुसऱ्या पारड्यात. आणि आपणच दुसरं पारडं खाली जाताना पाहतो आहोत, असं तिला वाटलं.

रविवारी नागपूर रोडवरच्या लॉनमध्ये सकाळपासून गर्दी होती. गुणवंता आला तसा त्याच्याभोवती घोळका जमला. कुणी हात हातात घेत होतं, कुणी पाठीवरून हात फिरवत होतं. सुचिताला लोकांनी नमस्कार केले, नळाची चौकशी केली आणि ते घोळक्याकडे गेले. तिचे सासरे यशवंतराव, पार्टीचे गावातले सगळ्यात जुने कार्यकर्ते, काठी टेकत आले आणि आपल्या वयाच्या म्हाताऱ्यांबरोबर मंडपाच्या कडेला खुर्च्या ओढून बसले. त्यांची डोकी एकत्र येऊन बराच वेळ काहीतरी चाललं होतं. सुनेकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. सुचिताने ते ओळखलं. घरचं मतही गेलं म्हणायचं.

तिची पाळी आली तेव्हा पर्यवेक्षकांनी तिला समोर बसवलं. माणूस दमलेला होता, कपात गार झालेला चहा तसाच होता.

“आपका पहला नाम तो आप ही का होगा,” ते म्हणाले. “दूसरा?”

“गुणवंता,” सुचिता म्हणाली.

“काम आता है उनको?”

तिला सरळ नाही म्हणता आलं असतं. ते खरंही होतं. पण दारावर थांबवलेला, हातात संत्र्यांची पिशवी घेतलेला माणूस तिच्या डोळ्यांसमोर उभा राहिला.

“सीख जाएँगे,” ती म्हणाली, आणि बाहेर येऊन स्वतःवरच चिडली.

आठवड्याने नाव जाहीर झालं. सुचिता.

फोन थांबेना. तिचा नवरा विजय सौंसरच्या शाळेत शिकवायचा, त्याने तिथूनच पेढ्यांची ऑर्डर दिली. घरात माणसं येऊन गेली. सुचिता हसत होती, पाणी देत होती आणि तिच्या मनात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येत होती. लोकांनी पाहिलं. इतकी वर्षं आपल्याला वाटायचं कुणी पाहत नाही, पण पाहत होते. व्हॉल्वपाशी उभं असताना, खड्ड्यात उतरताना, ते पाहत होते.

दुपारी माणसं ओसरल्यावर तिने यशवंतरावांना जेवायला वाढलं. ज्वारीची भाकर मोडून ते वरणात कुस्करत होते.

“मामांजी, तुम्ही आत कोणाचं नाव घेतलं होतं?”

“तुहंच. आणखी कोणाचं?”

“आणि तुमच्या दोस्तांनी?”

“त्याइनं बी तुहंच. आमचं तिथंच ठरलं नं, खुर्च्याइवर बसल्या बसल्या. समद्या पोराइले बी सांगून देलं.”

सुचिताने त्यांच्या ताटात भाजी वाढली. तिचा हात हलका झाला होता.

“मले वाटलं, सगळे गुणवंताभाऊंचं नाव घेतीन.”

“असं कसं घेऊ?” यशवंतरावांनी घास तसाच हातात धरला. सुनेला इतकी साधी गोष्ट कळू नये याचं त्यांना खरोखर नवल वाटलं. “तो खुर्चीत बसला का मंग भोपाळच्या मीटिंगा, छिंदवाड्याच्या मीटिंगा. माणूस का मीटिंग पाहून मरते? आन दुसऱ्या पार्टीचा कोणी गेला, मंग? अध्यक्ष बोलन का त्याच्यासाठी? आन बोलला त लोकाइले वाटन, मतासाठी बोलून राह्यला. नाई वं. आमी आता कितीक दिवसाचे? आमच्या वेळी गुणवंता मोकळा पाहिजे.”

सुचिताने हातातली पळी भांड्यात ठेवली.

“आणि माझं काम?” तिने विचारलं.

“तुहं काम त चांगलंच आहे. मी कुठं नाई म्हणतो?” त्यांनी घास तोंडात घातला. “पण काम करणारं कोणी बी भेटते, बाई. वरण दे जरासं.”

तिने वरण वाढलं. मग स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला हात टेकून उभी राहिली. तिकीट मिळालं होतं. हवं होतं तेच मिळालं होतं. पण ते देताना लोकांनी दोन माणसं समोर ठेवली होती आणि ज्याच्यावाचून अडतं त्याला मागे ओढून घेतलं होतं. जिच्यावाचून अडत नाही ती उरली, ती त्यांनी पार्टीला देऊन टाकली. सुचिताला कुणी तोंडावर शिव्या दिल्या असत्या तरी इतकं लागलं नसतं.

दोन दिवस ती गुणवंताकडे जाण्याचं टाळत राहिली. तिसऱ्या दिवशी पेढ्यांचा डबा घेऊन दुकानात गेली. गेल्या गेल्या त्याला खरं काय ते सांगून टाकायचं, असं तिने ठरवलं होतं. आपण खरं बोलतो, एवढीच तर आपली ख्याती.

गुणवंताने तिला पाहताच काउंटरवरून उतरून हात जोडले. खुर्ची पुसली.

“लय मोठा झाला गाव आपला, ताई,” तो म्हणाला. “मी खोटं कायले बोलू, दोन दिवस जेवण गेलं नाई मले. वाटलं, मी कुठं कमी पडलो? मंग समजलं. मी म्हणत होतो, लोक गोड बोलणाऱ्याले भुलते. नाई भुलले. काम पाहून निवडलं त्याइनं. आन मले मंग, खरं सांगतो, बरंच वाटलं. माह्याच्यानं ते झालंबी नसतं.”

सुचिताने तोंड उघडलं होतं. समोर गुणवंताचा उतरलेला पण शांत चेहरा होता. तिने पेढ्याचा डबा पुढे केला.

“घ्या,” ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच तिने एक चूक दुरुस्त न करता तशीच राहू दिली.

तेवढ्यात एक बाई दुकानात आली. पिशवीतून हिरवं ब्लाउजपीस काढून तिने काउंटरवर टाकलं. नदीपलीकडच्या सावरगाव वस्तीतली दामिनी, सुचिता तिला नावाने ओळखायची, तिच्या गल्लीत नवा पाइप टाकताना दोघींचं भांडण झालं होतं.

“भाऊ, याच्यावर अस्तर दाखवा,” दामिनी म्हणाली. “आन काई म्हणा, तुमाले तिकीट नाई भेटली ते लय बरं झालं. आमी त मारोतीपाशी नारळ फोडला.”

“नारळ?” गुणवंता अस्तराचे तागे खाली घेत होता.

“मंग? आमच्या मामांजीचं आता काई खरं नाई. रोज विचारते, गुणवंता आहे नं गावात? तुमी अध्यक्ष झाले असते त तुमाले टाइम कुठून भेटला असता? आमच्या इकडचे समदे हेच म्हणत होते. अध्यक्ष काय, कोणीबी होते. गुणवंताभाऊ एकच आहे.” मग तिचं खुर्चीवर बसलेल्या सुचिताकडे लक्ष गेलं, आणि ती जराही ओशाळली नाही. “मत तुमालेच देणार आमी, ताई. तुमचं काय, तुमी कुठंबी चालता.”

गुणवंताने मीटरची सळई कापडावर ठेवली होती. ती तशीच राहिली. त्याने सुचिताकडे पाहिलं.

“तुमाले मालूम होतं?”

सुचिताने होकाराची मान हलवली.

त्याने कापड मोजलं. कात्रीने टोकाला चीर दिली आणि दोन्ही हातांनी टर्रकन सरळ फाडलं. घडी घालायला मात्र त्याला नेहमीपेक्षा वेळ लागला.

“कसे आहे काका?” त्याने दामिनीला विचारलं.

“झोपूनच आहे. दोन घास पेज घेते.”

“मी येऊन पाहून जाऊ?”

“नाई, भाऊ!” दामिनी दचकलीच. “आता नका येऊ. अजून टाइम आहे.” बोलून गेल्यावर तिला कळलं आणि तिने पदर तोंडाशी नेला.

“बरोबर आहे,” गुणवंता म्हणाला. त्याने अस्तर कागदात गुंडाळलं आणि दोरा शोधू लागला. दोरा त्याच्या समोरच होता.

सुचिता खुर्चीवरून उठली. लोकांच्या जिव्हाळ्यातलं तिला फारसं कळत नसे, पण काम कुठे अडलं आहे हे तिला लवकर दिसायचं.

“दामिनी, तुमचे मामांजी मत देतात नं?”

“देते नं. मागच्या बारीले खुर्चीवर बसवून नेलं होतं.”

“मग मी आत्ता तुमच्या घरी मत मागायला येते. आणि गुणवंताभाऊ माझ्या प्रचारात आहेत, ते माझ्यासोबत राहतीन.”

दामिनीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

“मतासाठी?”

“मतासाठी.”

“मतासाठी त कोणीबी येते,” दामिनी विचार करत म्हणाली. “त्याले काय? या मंग.”

गुणवंताने शटर ओढलं. कुलूप लावून त्याने ते दोनदा ओढून पाहिलं.

पुलावरून सावरगावात शिरल्यावर तिसऱ्या गल्लीत ते घर होतं. गजाननराव रेल्वेतून निवृत्त झालेले, सगळी नोकरी तिगावच्या लाइनीवर रूळ तपासण्यात गेलेली. ते खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. चाहूल लागली तशी त्यांनी मान वळवली आणि दारात गुणवंताला पाहिलं. त्यांचे डोळे मोठे झाले. पांघरुणावरचा हात आखडला.

“आला का तू?” ते कसंबसं म्हणाले. “इतक्या लवकर?”

गुणवंता उंबरठ्यावरच थिजला. एक पाऊल मागेसुद्धा गेला असेल.

“काका, मत मागायला आलो,” सुचिता खणखणीत आवाजात म्हणाली आणि त्याच्या पुढे होऊन आत शिरली. “मी उभी आहे अध्यक्षासाठी.”

“आन हा?”

“ते माझ्यासोबत आहेत. प्रचारात.”

गजाननराव गुणवंताकडे बराच वेळ पाहत राहिले.

“म्हणजे, तू माह्यासाठी नाई आला?”

“नाई, काका,” गुणवंता म्हणाला. घसा साफ करून त्याने पुन्हा सांगितलं. “तुमचं मत मागाले आलो.”

म्हाताऱ्याने सुस्कारा सोडला. मग कोपरावर जोर देऊन ते उठू लागले. दामिनीने धावत येऊन पाठीशी उशी लावली.

“मंग उभा कायले राह्यला तिथं? बस नं,” ते म्हणाले. “दामिनी, खुर्ची दे त्याले. चहा ठेव. मत का असंच भेटते फुकट?”

गुणवंता आत आला आणि खाटेजवळ खुर्चीवर बसला, अगदी कडेला, कुणी उठवेल या बेताने. कुणी उठवलं नाही. गजाननरावांनी आधी सुचिताला धारेवर धरलं. नळाला गढूळ पाणी का, गल्लीतला दिवा कधीचा बंद का. ती उत्तर देऊ लागली तर ते ऐकायला तयार नव्हते, त्यांना फक्त बोलायचं होतं. मग ते सुनेच्या अळणी पेजेवर आले, पेजेवरून मुलावर, मुलावरून तिगावच्या लाइनीवर. एका पावसाळ्यात रुळाखालची गिट्टी वाहून गेली होती आणि आपण कंदील घेऊन मालगाडी कशी थांबवली, हे सांगताना ते खोकले, पाणी प्यायले आणि पुन्हा मालगाडीपासूनच सुरू झाले.

सुचिताचा फोन दोनदा वाजला. अजून बाकीची गल्ली करायची होती. तिने फोन बंद करून पर्समध्ये टाकला.

गुणवंता पुढे झुकून ऐकत होता, बशीतला चहा हातातच गार होत होता. एका ठिकाणी त्याला काहीतरी सुचलं असावं. त्याचा चेहरा उजळला, त्याने तोंड उघडलं. गजाननरावांनी हात वर केला.

“थांब जरा,” ते म्हणाले. “माहं होऊ दे.”

गुणवंता गप्प बसला. मालगाडी अजून थांबायची होती.